एकतीस जणांतील एक : बार्बरा जॉर्डन

लोकशाहीत कायदे कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. परंतु निवडून कोण येऊ शकतो, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सिनेटमध्ये १८८३ नंतर त्र्याऐंशी वर्षे एकही कृष्णवर्णी सभासद निवडून आला नव्हता. १९६६ साली ही कोंडी फोडली ती एका तीस वर्षांच्या वकील स्त्रीने. तिचे नाव बार्बरा जॉर्डन.

बार्बरा यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९३६ रोजी ह्यूस्टन शहरातील कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत झाला. वडील बेंजामिन गोदामात काम करीत व पुढे धर्मोपदेशकही झाले. आजोबांचा भंगाराचा धंदा होता. चिंध्या, रद्दी आणि लोखंड निवडायला बार्बरा त्यांना मदत करीत, आणि आजोबा नातीला नफ्यातला वाटा देत. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला. शाळेत असताना ईडिथ सॅम्पसन या कृष्णवर्णी महिला वकिलांचे भाषण त्यांनी ऐकले आणि वकील होण्याचे मनाशी ठरविले.

त्या काळी टेक्सासच्या मुख्य विद्यापीठाच्या पदवी वर्गांची दारे त्यांना बंद होती. म्हणून त्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या टेक्सास सदर्न विद्यापीठात शिकल्या. तेथे त्यांनी वादविवादाचे मैदान गाजविले. त्यांच्या संघाने हार्वर्डच्या संघाशी बरोबरी साधली. १९५९ साली बोस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्या गावी परतल्या. सुरुवातीला वडिलांच्या घरचे जेवणाचे टेबल हीच त्यांची कचेरी होती.

१९६२ आणि १९६४ अशा दोन निवडणुका त्या हरल्या. दोन्ही वेळा सबंध जिल्ह्याचे मतदान एकत्र होई आणि वस्तीची मते त्यात बुडून जात. शिवाय जिल्हा कितीही मोठा असला तरी त्याला सिनेटर एकच, असा राज्यघटनेचा दंडक होता. लोकसंख्येच्या प्रमाणातच मतदारसंघ असले पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिला आणि मतदारसंघांची नवी आखणी झाली. मतदानासाठी भरावा लागणारा करही १९६६ च्या आरंभी रद्द झाला. त्याच वर्षी बार्बरा निवडून आल्या. माणूस तोच, वाणी तीच, पण रेषा बदलल्या आणि निकाल बदलला!

हे सिनेट म्हणजे राज्याचे वरिष्ठ सभागृह. आपल्या विधान परिषदेसारखे नव्हे. तेथील सभासद थेट जनता निवडते. टेक्सासचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीत भरते आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालते. त्या काळी सभासदाचे वेतन वर्षाला अवघे ४,८०० डॉलर होते. एवढ्यावर पोट भरणार कसे? म्हणून ज्याची वकिली, व्यापार किंवा शेतीवाडी चांगली चालते, तोच बहुधा तेथे पोहोचे. जानेवारी १९६७ मध्ये बार्बरा सभागृहात आल्या, तेव्हा उरलेले तीसही सिनेटर पुरुष होते.

बार्बरा यांनी आदळआपट केली नाही. त्यांनी नियमांचा बारकाईने अभ्यास केला आणि माणसे जोडली. एखादे विधेयक चर्चेला घेण्यास व्यवहारात दोन-तृतीयांश संमती लागे, म्हणजे अकरा जण अडून बसले की ते रखडे. मतदार-नोंदणी अधिक जाचक करणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी आणखी दहा सिनेटर आपल्या बाजूस वळविले आणि ते विधेयक तेथेच थांबले. टेक्सासचा पहिला किमान वेतन कायदा मंजूर होण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

या मार्गाची किंमतही होती. १९७१ च्या फेरआखणीत ह्यूस्टनमध्ये त्यांना अनुकूल असा काँग्रेसचा मतदारसंघ झाला, पण सिनेटच्या त्यांच्या जुन्या मतदारसंघातील कृष्णवर्णी मतांचे बळ घटले. त्यांनी सत्ताधाऱ्यांशी सौदा केला, असा आरोप त्यांच्याच समाजातील प्रतिस्पर्धी कर्टिस ग्रेव्ह्ज यांनी केला. मतदारांनी कौल बार्बरा यांना दिला. तरीही आरोपात तथ्य मुळीच नव्हते, असे म्हणता येणार नाही.

मार्च १९७२ मध्ये सिनेटने त्यांना हंगामी अध्यक्षपदी निवडले. १० जून रोजी प्रथेप्रमाणे त्या एक दिवसाच्या गव्हर्नर झाल्या. तो सोहळा पाहायला आलेले वडील तेथेच आजारी पडले आणि दुसऱ्या दिवशी वारले. गोदामात राबलेल्या बापाने लेकीला राज्याच्या सर्वोच्च आसनावर पाहिले, एवढेच समाधान.

पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या. जुलै १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी त्यांनी केलेल्या भाषणाने सारा देश त्यांना ओळखू लागला. मज्जासंस्थेच्या दुर्धर आजाराने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसविले. १९७९ साली राजकारण सोडून त्या ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात शिकवू लागल्या. ज्या विद्यापीठाने एकेकाळी त्यांना दारात उभे केले नसते, तेथेच त्या प्राध्यापक झाल्या! १७ जानेवारी १९९६ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वादविवाद स्पर्धेची ढाल कपाटात ठेवून आपण विसरून जातो. बार्बरा जॉर्डन यांनी ती विद्या सभागृहात नेली आणि ज्यांना तेथे जागाच नव्हती, त्यांच्यासाठी वापरली.