रॅगलनची बाही आणि एका हाताचा सेनापती

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत मी एखादे चरित्र लिहावे असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरामोठ्यांची चरित्रे लिहिणे हे विद्वानांचे काम, आपले काम ती वाचण्याचे, असेच मी आजवर समजत आले. परंतु एका माणसाचे नाव गेली कित्येक वर्षे माझ्या सुईखालून जात आहे. त्याची हकिकत मी मुलीकडून ग्रंथालयातली पुस्तके मागवून हळूहळू वाचून काढली. तीच आज आपल्यापुढे मांडते.

आपल्या विणकामाच्या वर्गाला येणाऱ्या सगळ्यांना ‘रॅगलन’ हा शब्द ठाऊक आहे. साधी बाही खांद्याशी थांबते. रॅगलनची बाही काखेतून तिरकी निघते ती थेट गळ्याला जाऊन मिळते. खांद्यावर शिवण म्हणून नाहीच. हात वर करा, मागे न्या, कुठे ओढ बसत नाही. हे रॅगलन म्हणजे कुणा विणणाऱ्या बाईचे नाव असेल असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पण तो निघाला इंग्लंडचा एक सेनापती, आणि तोही एका हाताचा!

त्यांचे मूळचे नाव फिट्झरॉय सॉमरसेट. जन्म 30 सप्टेंबर 1788 रोजी इंग्लंडात बॅडमिंटन येथे झाला. वडील ब्यूफोर्टचे ड्यूक, म्हणजे आपल्याकडल्या मोठ्या सरदारासारखे. पण हे सर्वांत धाकटे चिरंजीव. तिकडे गादी आणि इस्टेट थोरल्याकडे जाते, धाकट्याने आपली भाकरी आपण मिळवावी अशी रीत. तेव्हा 1804 साली, सोळाव्या वर्षाच्या आतच, ते घोडदळात दाखल झाले.

चार वर्षांनी त्यांना धनी मिळाला तो आर्थर वेलस्ली. हे नाव आपल्याला परके नाही. 1803 च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात असईला शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी जो लढला, तोच हा वेलस्ली. पुढे त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणू लागले. पोर्तुगाल व स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी युद्ध चालले होते, तिथे हे तरुण सॉमरसेट वेलिंग्टनच्या हाताशी राहू लागले. निरोप न्यावेत, पत्रे लिहावीत, हुकूम नीट पोचवावेत, हे त्यांचे काम. स्वभाव शांत, बोलणे मर्यादेचे, लिहिणे स्वच्छ. 1811 पासून ते वेलिंग्टनचे लष्करी चिटणीसच झाले. 1814 च्या ऑगस्टमध्ये वेलिंग्टनची पुतणी एमिली हिच्याशी त्यांचे लग्न झाले, आणि नोकरीचे नाते घरोब्याचे झाले.

लग्नाला वर्षही झाले नव्हते. 18 जून 1815 रोजी वॉटर्लूची लढाई झाली. नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला तो हीच. त्या दिवशी सॉमरसेट यांच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि हात कापावा लागला. गुंगीचे औषध तेव्हा निघालेच नव्हते. शुद्धीवर असताना हात कापला, आणि त्यांनी हूं की चूं केले नाही. हात उचलून नेऊ लागले तेव्हा मात्र त्यांनी तो परत मागितला, कारण बोटात बायकोने दिलेली अंगठी होती. ती काढून घेतल्यावरच हात नेऊ दिला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वेदनेतही ज्याला बायकोची अंगठी आठवते, तो माणूस मनाने कोरडा खास नव्हे.

उजवा हात गेल्यावर चिटणिसाने काय करावे? या गृहस्थांनी डाव्या हाताने लिहायला शिकून घेतले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कामावर हजर झाले. पुढे 1827 पासून 1852 पर्यंत, पंचवीस वर्षे, लंडनच्या लष्करी कचेरीत त्यांनी चिटणिशी केली. मधल्या काळात घरी मोठा घाव बसला. थोरला मुलगा 1845 च्या डिसेंबरात पंजाबात, फिरोजशहा येथील शिखांबरोबरच्या लढाईत जखमी होऊन वारला. 1852 साली वेलिंग्टन गेले, आणि त्याच साली सॉमरसेट यांना ‘लॉर्ड रॅगलन’ हा किताब मिळाला. रॅगलन हा वेल्सकडचा एक जुना पडका किल्ला, त्यांच्या घराण्याच्या मालकीचा. त्या किल्ल्याचे नाव माणसाला लागले, आणि माणसाचे नाव पुढे आपल्या बाहीला.

इथवरचे आयुष्य पाहिले तर कुणीही म्हणेल की सज्जन, सोशिक व कामसू गृहस्थ. परंतु माणसाची खरी पारख पुढेच व्हायची होती.

1854 साली इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. काळ्या समुद्रातल्या क्रिमिया प्रांतावर इंग्रजी फौज न्यायची ठरली, आणि तिचे सेनापतिपद रॅगलनसाहेबांना दिले. वय तेव्हा पासष्ट. जन्म लढायांत गेला खरा, पण दुसऱ्याचे हुकूम पोचवण्यात. स्वतः रणांगणावर फौज कधी चालवली नव्हती. जुन्या सवयीने ते शत्रूला ‘फ्रेंच’ म्हणत, आणि फ्रेंच तर आता दोस्त होऊन शेजारी उभे असत!

20 सप्टेंबरला आल्मा नदीवर जय मिळाला. मग सेवास्तोपोल शहराला वेढा पडला. 25 ऑक्टोबरला बालाक्लाव्हा येथे ती प्रसिद्ध चूक घडली. रॅगलन उंच टेकडीवर होते. शत्रू काबीज केलेल्या तोफा ओढून नेत आहे असे त्यांना वरून दिसले. घोडदळाने पुढे होऊन त्या नेऊ देऊ नयेत, असा हुकूम त्यांनी लिहवून पाठवला. पण खाली दरीत उभ्या असलेल्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांना दिसत होत्या त्या समोर दरीच्या टोकाला रोखलेल्या रशियन तोफा. कोणत्या तोफा, हे हुकमात नीट उलगडून लिहिलेले नव्हते. सुमारे 670 स्वार त्या मरणाच्या तोंडात शिरले आणि शंभरावर जागीच ठार झाले. त्यांच्या पुढे होता लॉर्ड कार्डिगन. होय, समोरून बटणे असलेल्या आपल्या स्वेटरला ज्याचे नाव आहे तोच. आणि बालाक्लाव्हा गावाचे नाव पुढे काही वर्षांनी डोके, कान, गळा झाकणाऱ्या लोकरी टोपीला मिळाले. तीच आपली माकडटोपी. एकाच लढाईने विणणाऱ्या बायकांना तीन शब्द दिले, आणि किती घरांतले कुंकू पुसून दिले!

पण मला त्या घोडदळाहूनही जास्त चुटपुट लागली ती नंतरच्या हिवाळ्याची. 14 नोव्हेंबरला मोठे वादळ झाले आणि ‘प्रिन्स’ नावाचे जहाज बंदराबाहेर बुडाले. त्यात फौजेचे गरम कपडे होते. पुढे दुसरे कपडे आले, तर ते बंदरावर पडून राहू लागले. बंदर ते छावणी एवढीशी वाट, पण चिखलाने अशी भरली की घोडे-खेचरे मरून पडली. बर्फात माणसे उन्हाळी फाटक्या कपड्यांत खंदकात उभी. तिकडे इंग्लंडात बायका मफलर, हातमोजे विणून पाठवत होत्या. त्या युद्धात इंग्रज शिपाई लढाईत मेले त्याहून कितीतरी जास्त थंडीने व रोगराईने मेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई नोव्हेंबरातच स्कुटारीच्या इस्पितळात पोचल्या होत्या, त्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले.

वर्तमानपत्रांनी दोष रॅगलनसाहेबांना दिला. सगळा दोष त्यांचा नव्हता. वाहतुकीचे खाते त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. परंतु मी वाचले त्यावरून मला वाटते, की पन्नास वर्षे कागद सांभाळलेल्या माणसाची कागदावर फार श्रद्धा बसली होती. कागदावर कपडे आले, म्हणजे अंगावर आले असे होत नाही. स्वतः सोसणाऱ्या माणसाचा एक दोष असतो, दुसऱ्यालाही सोसवेल असे त्याला वाटते.

1855 च्या 18 जूनला, वॉटर्लूला बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, सेवास्तोपोलवरचा इंग्रजांचा मोठा हल्ला फसला. रॅगलनसाहेब आधीच पोटाच्या विकाराने खंगले होते. त्या अपयशाने पुरते खचले आणि 28 जूनला छावणीतच वारले. देह इंग्लंडला नेऊन बॅडमिंटनला, जन्मगावीच पुरला.

त्यांच्या नावाचा सैल, तिरक्या बाहीचा कोट तेवढा मागे राहिला. तुटक्या हाताला घालायला-काढायला सोपा जावा म्हणून तो तसा बेतला, असे सांगतात. पुढे ती बाही विणकामात आली.

आता तिचा आपल्याला उपयोग काय, तेही सांगते. क्रोशाने हलका, भुरभुरीत स्वेटर करायचा तर रॅगलनसारखी सोय नाही. लोकर बारीक पण केसाळ घ्यावी. अंगोरा शेळीच्या लोकरीला मोहेर म्हणतात, ती उत्तम. सुई मात्र जाड, 6 मिलिमीटरची. बारीक लोकर आणि जाड सुई, म्हणजे टाक्यांत हवा राहते, वजन होत नाही आणि ऊब धरते.

आधी नमुन्याचा चौकोन विणून टाके मोजावे. समजा 4 इंचांत 10 अर्धे खांब व 7 ओळी बसल्या. छातीचे माप पदरावरून घेतले ते 36 इंच, त्यात सैलपणा 2 इंच धरला. गळ्यापासून आरंभ करावा. 56 साखळ्या सैल हाताने घालून गोल जोडाव्या, म्हणजे डोके सहज जाते. त्यांची वाटणी अशी : पाठ 18, पुढा 18, बाह्या 8-8, आणि मधले चार कोपरे एकेक टाक्याचे. दर ओळीला प्रत्येक कोपऱ्यात तीन अर्धे खांब घालावे. अशा 12 ओळी, मग वाढ न करता 2 ओळी. आता अंगात घालून पाहावे. काखेशी आवळले तर आणखी एखादी ओळ घालावी. मोहेरचे टाके उसवताना केस गुंततात, म्हणून पाहायचे ते इथेच. मग दोन्ही काखांत 4-4 साखळ्या घालून पाठ-पुढा जोडावा, 96 टाके होतात. लांबी हवी तितकी. बाहीला काखेतले धरून 36 टाके येतात. धुताना कोमट पाणी, पिळणे नाही, आडवा पसरून वाळवणे.

माझ्या मोठ्या नणंदेचे छातीच्या गाठीचे ऑपरेशन झाले तेव्हापासून त्यांचा उजवा हात सुजलेला असतो. दुकानात एक बाही मोठी आणि एक लहान असा स्वेटर कोण देणार? दोन हिवाळे त्यांनी शाल लपेटून काढले, आणि बाहेर जाणेच सोडले. हात जास्त भरतो तो तीन इंच. मी उजव्या बाहीच्या बाजूने चार ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका जास्त घातला, म्हणजे आठ टाके वाढले, आणि मनगटाशी निमुळती केली नाही. कुठे दाब नाही. वन्सं आता तो घालून सकाळी देवळात जातात. त्या शेजारणीला सांगत होत्या की यात हात लपत नाही, पण मावतो.

आपल्या मंडळाने यंदा वृद्धाश्रमाला स्वेटर द्यायचे ठरवले आहे. माझी एवढीच विनंती की एका मापाचे चाळीस विणून गठ्ठा पाठवू नये. दोघीतिघींनी टेप घेऊन जावे आणि प्रत्येक आजी-आजोबांचे माप घ्यावे. कुणाचा हात आखडला असेल, कुणाला पाठीत बाक असेल, तेही विचारून लिहून आणावे. कपडे संक्रांतीनंतर नव्हे, दिवाळीच्या आत पोचवावे, आणि पोचवून तिथेच न थांबता अंगात घालून पाहावे. बालाक्लाव्हाच्या बंदरात लोकर पुष्कळ होती. ती माणसांच्या अंगावर गेली नाही, एवढेच उणे होते.