बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस हे नाव आज थोड्यांनाच ठाऊक असेल. परंतु बालगंधर्व म्हटले की नाट्यसंगीताच्या रसिकांचे चेहरे उजळतात. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना हे नाव दिले, असे सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी निवर्तली. प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु जमलेल्या रसिकांना विन्मुख पाठविणे त्यांना रुचेना. आणि भूमिका तरी कोणती? भामिनीची! श्रीमंत बापाची लाडकी, मानी मुलगी. पोटचे लेकरू गेले असताना त्यांना त्या रात्री ऐटीत मिरवावे लागले, हसावे लागले. हे योग्य की अयोग्य, याविषयी थोरांतही मतभेद होतील. त्या बापाने काय सोसले असेल, ते मात्र तुम्हांलाही उमगेल.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१९ साली तिने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. नाटककार गडकरी त्याच वर्षी २३ जानेवारीस नागपूरजवळील सावनेर येथे वारले होते. आपले नाटक त्यांना पाहता आले नाही. दुखण्यामुळे पदे रचावयाची राहिली, ती गुर्जरांनी रचली. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसारातील सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. एरवी भरजरी शालू नेसणारा हा नट येथे फाटक्या लुगड्यात जात्यावर बसला, आणि प्रेक्षक डोळे पुसू लागले. आपल्या झाडीपट्टीतील नाटके पाहिलेल्या मुलांना हे नवल वाटणार नाही. दुःखाच्या प्रसंगी पात्र गाऊ लागले म्हणजे सारा मंडप कसा स्तब्ध होतो!

जर्मनीत बाखने ख्रिस्ताच्या मरणयातना प्रार्थनामंदिरातील गायनात गुंफल्या; पुढे १८२७ साली शूबर्टने प्रेमभंग झालेल्या वाटसरूची २४ जर्मन गीते स्वरबद्ध केली. आपल्याकडे संसाराचे दुःख आणि देवाची आळवणी एकाच गळ्यातून निघाली, कारण १९३१ साली सिंधूचाच हा नट विठ्ठलाच्या पायी प्राण ठेवणारी 'कान्होपात्रा' झाला.

पुढे बोलपट आले, मंडळी कर्जात बुडाली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. तेथील बालगंधर्व रंगमंदिर पुढल्या वर्षी, त्यांच्या जन्मदिनी, खुले झाले.