निकेल आणि झिओलाइट: एकाच माणसाचे दोन शोध

लोणावळा-खंडाळ्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत चमकदार स्फटिक वाढले. त्यातले बरेचसे झिओलाइट. बोरघाटातून रेल्वे नेण्यासाठी डोंगर फोडला, तेव्हाही ते सापडले. हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. पण ‘झिओलाइट’ हे नाव त्याआधी शंभरेक वर्षं, दूर स्वीडनमध्ये ठेवलं गेलं होतं.

ते ठेवणारे ॲक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेट. जन्म १७२२. वडील लष्करात इंजिनिअर. उप्साला विद्यापीठात शिकताना खनिजांची गोडी लागली. पुढे कोबाल्ट शोधणाऱ्या गेओर्ग ब्रांट यांच्याकडे ते रासायनिक पृथक्करण शिकले.

तेव्हा जर्मन खाणकामगारांना एका तांबूस खनिजाने वैताग आणला होता. दिसायला तांब्याचं, पण तांबं काही निघेना! म्हणून त्याचं नाव पडलं कुपफरनिकेल, म्हणजे तांब्याचं भूत. १७५१ मध्ये क्रॉनस्टेट यांनी स्वीडनच्या एका कोबाल्ट खाणीतल्या खनिजातून नवाच धातू वेगळा केला. तोच धातू कुपफरनिकेलमध्येही होता. नाव ठेवलं निकेल.

१७५६ मध्ये त्यांनी एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापवलं, तर त्यातून वाफ निघाली आणि दगड उकळल्यासारखा दिसू लागला. ग्रीक भाषेत ‘झिओ’ म्हणजे उकळणं, ‘लिथॉस’ म्हणजे दगड. झिओलाइट हे नाव तिथून आलं.

दोन्ही वेळा पद्धत एकच: खनिज कसं दिसतं यावर जायचं नाही, ते कशाचं बनलंय ते तपासायचं. खनिजांची अशी वर्गवारी करणारं पुस्तक त्यांनी १७५८ मध्ये काढलं, तेही स्वतःचं नाव न छापता. १७६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी ते गेले. निकेल हा खरंच वेगळा धातू आहे की नुसतं मिश्रण, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. तो मिटवला टॉर्बर्न बर्गमन यांनी, १७७५ मध्ये.

आता केमिस्ट्री. उत्प्रेरक म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. हा शब्दच क्रॉनस्टेट यांच्यानंतर ७० वर्षांनी, १८३५ मध्ये आला. १८९७ मध्ये फ्रान्समध्ये साबातिए आणि सांद्रां यांनी निकेलवर इथिलीन आणि हायड्रोजनचा संयोग घडवला. साबातिए यांना १९१२ चं नोबेल मिळालं. द्रव तेलाचं घट्ट वनस्पती तूप होतं तेही याच तत्त्वाने.

झिओलाइटची पाळी नंतर आली. त्याच्या आत रेणूंच्या मापाची छिद्रं असतात. जो रेणू छिद्रात मावेल तोच आत जाऊन रिॲक्शन करतो, बाकीचे बाहेर. एकदम चाळणीसारखं! १९६० च्या दशकापासून रिफायनऱ्या जड तेल तोडून पेट्रोल बनवायला झिओलाइट वापरतात, तेही खास कारखान्यात बनवलेले. पुण्याच्या एनसीएलनेही झिओलाइटचे उत्प्रेरक विकसित केले आहेत.

आज सेंद्रिय रसायनांच्या उत्प्रेरकांवर परिषद भरली की निकेल आणि झिओलाइट हे शब्द हमखास कानावर पडतात. दोन्ही नावं क्रॉनस्टेट यांनीच ठेवलेली. या दोन गोष्टी पुढे काय काम करणार आहेत, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही.