वॅट यांच्या इंजिनाचा हिशेब
ग्रीनॉक येथे १७३६ साली जन्मलेले जेम्स वॅट यंत्रविद्येत अलौकिक होते. व्यवहाराचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. वाफेच्या इंजिनाचे पेटंट १७६९ मध्ये मिळाले, पण भांडवल पुरविणारे भागीदार रोबक कर्जात बुडाले. त्यांचा हिस्सा बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांच्याकडे आला आणि धंद्याला हिशेबी माणूस लाभला. जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग खाणमालकांनी द्यावा, असा मोबदला ठरला. त्यासाठी इंजिनावर ठोके मोजणारे कुलूपबंद यंत्र बसविले जाई. पत्रव्यवहाराला त्रासलेल्या वॅट यांनी १७८० मध्ये चक्क नकला काढणाऱ्या यंत्राचेही पेटंट घेतले! कॉर्नवॉलच्या खाणमालकांनी पुढे देणी थकविली. १७९९ मध्ये न्यायालयीन निकाल बाजूने लागल्यावरच वसुली मार्गी लागली. पुढल्याच वर्षी वॅट निवृत्त झाले; १८१९ मध्ये निवर्तले.