विश्लेषण : सायकलवरून उतरूनही जिंकला! ऑक्टाव्ह लापीझ टूर द फ्रान्सचा विजेता कसा ठरला?

सायकल शर्यतीत पाय जमिनीला टेकले की संपले, असे अनेकांना वाटते. पण २१ जुलै १९१० रोजी फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील टुर्माले घाटात ऑक्टाव्ह लापीझ सायकलवरून उतरला, ती ढकलत चालला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तरीही घाटमाथ्यावर पहिला पोहोचला तो लापीझच. दहा दिवसांनी त्याने टूर द फ्रान्सही जिंकली. कधी उतरायचे आणि कधी पुन्हा चढायचे, याची सवय त्याला हौशी खेळाडू असतानाच एका वेगळ्या खेळाने लावली होती. तो खेळ म्हणजे सायक्लोक्रॉस.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय?

चिखल, गवत, वाळू, चढ आणि अडथळे असलेल्या मार्गावरची ही सायकल शर्यत. ती प्रामुख्याने हिवाळ्यात होते. सध्याच्या स्पर्धांमध्ये साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या फेऱ्या असतात आणि शर्यत तासाभरात संपते. सायकल चालवणे अशक्य होते, तिथे खेळाडू चालत्या सायकलवरून उडी मारतो, ती खांद्यावर टाकून धावतो आणि न थांबता पुन्हा स्वार होतो. इथे उतरणे ही हार नव्हे, कौशल्य आहे. उतरायला उशीर केला तर चिखलात रुतण्याची आणि लवकर उतरले तर मागे पडण्याची भीती.

या खेळाचे श्रेय दानिएल गुसो या फ्रेंच सैनिकाला दिले जाते. घोडेस्वार मित्रांबरोबर तो जंगलातून सायकल चालवत असे. १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. टूर द फ्रान्सची कल्पना मांडणारे पत्रकार जिओ लफेव्र यांचाही या खेळाच्या सुरुवातीच्या वाटचालीत मोठा वाटा होता.

लापीझ कोण होता?

ऑक्टाव्ह लापीझचा जन्म २४ ऑक्टोबर १८८७ रोजी पॅरिसमध्ये झाला. कुरळ्या केसांमुळे पुढे त्याला टोपणनावही तसेच पडले. १९०७ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने फ्रान्सचे सायक्लोक्रॉस विजेतेपद मिळवले. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १०० किलोमीटर शर्यतीत त्याला कांस्यपदक मिळाले. ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. १९०९ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रुबे शर्यत त्याने जिंकली. १९१० आणि १९११ मध्येही ती त्याचीच होती.

टुर्मालेचा घाट का गाजला?

टूर द फ्रान्स त्यापूर्वी पिरेनीजच्या उंच घाटांत गेलीच नव्हती. आयोजक आंरी देग्रांज यांचा या कल्पनेला विरोध होता. त्यांचे सहकारी आल्फोंस स्टाइनेस रस्त्याची पाहणी करायला गेले तेव्हा त्यांची मोटार टुर्मालेच्या बर्फात अडकली. रात्रीच्या अंधारात ते पायी घाट ओलांडून गेले. एवढे होऊनही त्यांनी तार केली ती रस्ता उत्तम असल्याची! मार्ग मंजूर झाला.

लुशाँ ते बायोन हा दहावा टप्पा तब्बल ३२६ किलोमीटरचा होता. सुरुवात पहाटे साडेतीनला. वाटेत पेयरसूर्द, आस्पां, टुर्माले आणि ऑबिस्क हे घाट. त्यापैकी टुर्मालेची उंची २,११५ मीटर. रस्ते कच्चे, सायकली जड आणि गिअर बदलण्याची आजच्यासारखी सोय नाही.

अशा सायकलवर चढ वाढला की पायडल मंदावते आणि प्रत्येक फेरीला अधिक जोर लागतो. एक वेळ अशी येते की सायकल चालवण्याचा आणि ती ढकलत चालण्याचा वेग जवळपास सारखाच होतो. तिथे अडून बसले तर पायांतली ताकद पुढच्या घाटाआधीच संपते. लापीझ अशा ठिकाणी उतरला. त्याचाच सहकारी गुस्ताव्ह गारिगू याने एकदाही न उतरता टुर्माले पार केला आणि त्यासाठी १०० फ्रँकचे बक्षीस मिळवले. मात्र माथ्यावर तो लापीझच्या मागे होता.

ऑबिस्कवर लापीझ का चिडला?

ऑबिस्कच्या माथ्यावर फ्रान्स्वा लाफुर्काद हा स्थानिक सायकलपटू आधी पोहोचला. बऱ्याच वेळाने लापीझ आला, तोही थकून गेलेला. तिथे उभ्या असलेल्या आयोजकांना त्याने खुनी म्हटल्याचे सांगितले जाते. हा राग निव्वळ त्राग्याचा नव्हता. घाटांचे आकर्षण आयोजकांचे होते, जीव धोक्यात होता तो सायकलपटूंचा. तरीही त्याने शर्यत सोडली नाही. उतारावर आणि पुढच्या रस्त्यावर त्याने पिछाडी भरून काढली आणि सुमारे १४ तासांनंतर बायोनमध्ये टप्पा जिंकला.

जेतेपद किती फरकाने मिळाले?

तेव्हा निकाल वेळेवर नव्हे, गुणांवर ठरत असे. टप्प्यातील क्रमांकानुसार गुण मिळत आणि सर्वांत कमी गुण असणारा विजेता ठरे. लापीझचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच आल्सियाँ संघातला, आदल्या वर्षीचा विजेता फ्रान्स्वा फाबेर होता. १५ टप्प्यांअखेर लापीझचे ६३ आणि फाबेरचे ६७ गुण झाले. अवघ्या चार गुणांचा फरक! शर्यत सुरू करणाऱ्या ११० जणांपैकी केवळ ४१ जण पॅरिसला पोहोचले.

आपल्या तयारीचे श्रेय लापीझने हिवाळ्यातील सायक्लोक्रॉसला दिले. त्यामुळे या खेळाकडे फ्रान्सबाहेरही लक्ष वळले. बेल्जियममध्ये १९१० मध्ये, तर स्वित्झर्लंडमध्ये १९१२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९५० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेचा विजेता जाँ रोबिक हाही टूर द फ्रान्स जिंकलेला सायकलपटू होता.

शेवट कसा झाला?

लापीझने १९०९ ते १९१४ या काळात सहा वेळा टूरमध्ये भाग घेतला. पूर्ण केली ती मात्र एकदाच, १९१० मध्ये. पुढे पहिले महायुद्ध भडकले आणि तो लढाऊ वैमानिक झाला. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, फ्लिरेजवळ त्याचे विमान पाडण्यात आले. तो अवघा २९ वर्षांचा होता. फाबेर १९१५ मध्येच रणांगणावर मारला गेला होता, तर १९०७ आणि १९०८ चा विजेता ल्युसियाँ पती-ब्रेताँ डिसेंबर १९१७ मध्ये सैन्यात असतानाच अपघातात गेला. म्हणजे १९०७ ते १९१० या सलग चार वर्षांचे तिन्ही विजेते युद्धातून परतलेच नाहीत.

टुर्मालेच्या माथ्यावर आज लापीझच्या स्मरणार्थ सायकलपटूचा भव्य पुतळा आहे. हिवाळ्यापूर्वी तो खाली आणला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सायकलस्वारांच्या साथीने पुन्हा वर नेला जातो. लापीझ ज्या चढावर सायकलवरून उतरून चालला होता, त्याच चढाने.