पाणी वर चढवणारा माणूस

फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये आयसोमेट्रिकची शीट करताना माझी एक रेघ चुकली आणि मागचा खांब पुढच्या भिंतीच्याही पुढे आला. सरांनी लाल फुली मारली. हेच मुद्दाम करून जगप्रसिद्ध झालेला एक माणूस होता, हे सेकंड इयरला लायब्ररीत समजलं. मॉरित्स एशर.

जन्म १८९८, हॉलंड. वडील पाण्याच्या बांधकामांचे इंजिनियर, थेट जपानमध्ये काम करून आलेले. पोरगा मात्र शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास! (केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.) निदान आर्किटेक्ट तरी व्हावा म्हणून १९१९ मध्ये हार्लेमला घातला. तिथे छापचित्रं शिकवणाऱ्या द मेस्किटा सरांनी त्याचं काम पाहिलं आणि ब्रँचच बदलली. वडिलांनी मान्य केलं, वर कित्येक वर्षं पैसेही पुरवले. चित्रं फारशी खपत नव्हती ना!

मग इटली. डोंगरकड्यावरची गावं तो अगदी जशीच्या तशी कोरायचा. मुलाला शाळेत फॅसिस्टांचा गणवेश घालायची वेळ आली तेव्हा, १९३५ मध्ये, त्याने देश सोडला. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये अल्हांब्राच्या भिंतींवरची नक्षी उतरवून घेतली आणि डोक्यात चक्र फिरलं. फरशीला फरशी भिडावी तसे त्याच्या चित्रात पक्ष्यांना मासे भिडू लागले.

१९४४ मध्ये नाझींनी द मेस्किटा सरांना सहकुटुंब उचललं. सर ज्यू होते. ऑशविट्झला मारले गेले. एशर त्यांच्या घरी गेला तर सगळीकडे चित्रं विखुरलेली. हाती लागली तेवढी त्याने वाचवली. त्यातलं एक, सैनिकी बुटाचा ठसा उमटलेलं, त्याने कायम जपून ठेवलं. हे वाचल्यापासून मला त्याची गमतीची चित्रंही नुसती गमतीची वाटत नाहीत.

माझं लाडकं चित्र १९६१ चं, 'धबधबा'. पाणी पडतं, चक्र फिरवतं, पाटातून वळणं घेत पुढे जातं आणि पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर पोचतं! बाजूला एक बाई निवांत कपडे वाळत घालतेय. कुठलाही एक कोपरा झाकून पाहा, चूक सापडत नाही. प्रत्येक जोड बरोबर, फक्त सगळे मिळून खोटे. ही युक्ती लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांच्या १९५८ च्या लेखातल्या त्रिकोणाची. गंमत म्हणजे रॉजरला अशा आकृत्यांचा नाद लागला तो १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला एशरचीच चित्रं बघून.

जन्मभर पाण्याला उतार देणारे वडील हे चित्र पाहायला नव्हते. ते १९३९ मध्येच गेले. एशर स्वतः १९७२ मध्ये गेला. त्या धबधब्याच्या मालकाला तो एकच काम सांगायचा: उन्हाने वाफ होऊन जाईल तेवढं पाणी अधूनमधून ओतत राहा, बस्स.