जितके हात तितके तंबोरे

गाणाऱ्याजवळ तंबोरे किती असावेत? प्रश्न दिसायला साधा आहे. पण ज्या घरात गाणे शिकणारे मूल आहे आणि मिळकत बेताची आहे, त्या घरात तो साधा राहत नाही. आमच्या महाविद्यालयात बारा तारांची गिटार वाजविणारे एक-दोघे आहेत. एक गिटार हाताशी असताना दुसरी घ्यावी की नाही, यावर कॅन्टीनमध्ये त्यांची जी चर्चा रंगते, तीच आमच्या घरी तंबोऱ्यावरून चालू असते. मी टिटवाळ्याला राहते. घर दोन खोल्यांचे. त्यात खुंटीला टांगलेला एक जुना तंबोरा. माझ्या गुरुजींचे म्हणणे असे, की बैठकीला बसायचे तर जोडी हवी. आईने भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. पण तेच पैसे धाकट्या भावाच्या प्रवेशाच्या वेळीही लागणार आहेत. अशा वेळी थोरांची चरित्रे चाळावीत, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. मी किराणा घराण्याचे अध्वर्यू कै. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या चरित्राकडे वळले, ते याच कारणाने.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना या गावचा. या गावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे-बजावणे चाललेले. लहानपणीच गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला यांवरही त्यांचा हात फिरू लागला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गवई म्हटला की तो केवळ गळ्याचा धनी, वाद्य हे दुसऱ्याने लावून पुढ्यात ठेवायचे, अशी आपली एक समजूत असते. खाँसाहेबांचे तसे नव्हते. सूर कुठून निघतो, तार कोठे दुखते, लाकूड कोठे बोलत नाही, हे त्यांना हाताने ठाऊक होते. वाद्यांच्या दुरुस्तीत ते निष्णात होते आणि त्या कामाची हत्यारे प्रवासातही जवळ बाळगीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याच्या दरबारी गात होते. तेथेच माने सरदार घराण्यातील ताराबाईंशी त्यांचा स्नेह जुळला. घरच्यांचा विरोध पत्करून दोघांनी बडोदे सोडले, आणि दरबारचा आश्रय सुटला. मुंबई, मिरज, पुणे असा त्यांचा पुढचा संसार झाला. मिरजेत त्यांना प्लेगची गाठ आली असता ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका काही असो, मिरजेशी त्यांचे नाते जन्मभराचे जडले, एवढे खरे.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे माहेरघर. पूर्वी तलवारी आणि शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतारी-तंबोरे करू लागले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतील आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढा भागातला कडू भोपळा, तुनीचे लाकूड आणि पिढीजात कसब यांतून तेथील तंबोरा साकार होतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा गावात अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल कानाच्या माणसाचे वास्तव्य झाले, हा योग कारागिरांना आणि गाण्याला, दोघांनाही मानवला.

येथे तंबोऱ्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या वर्गातील पुष्कळांना चार तारांचे हे वाद्य म्हणजे मोबाईलमधून निघणारा एक गुंजारव एवढेच वाटते. पहिली तार पंचमाची. रागात पंचम नसेल तर ती मध्यमाला किंवा निषादाला लावतात. मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. घोडीचा माथा किंचित उतरता घासून त्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवला, की तार झणत्कारू लागते. हीच जवारी. जवारी नीट लागली तर खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. बारा तारांच्या गिटारीत सहा जोड्या असतात आणि एकीच्या नादात दुसरीचा नाद मिसळून झळाळी येते. तंबोऱ्यात तेच काम चार तारा आणि एक घोडी मिळून करतात. बैठकीत गवयाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असले, म्हणजे एकाचा नाद विरण्याआधी दुसऱ्याचा उठतो आणि सुराला खंड पडत नाही. जोडीचा आग्रह धरतात तो यासाठी. तो निव्वळ मिजाशीचा नाही.

परंतु जवारी कायम राहत नाही. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, ती पुन्हा घासावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात काळू नदी दुथडी भरली, की हवा ओली होते, खुंट्या फुगतात आणि लावलेला सूर तासाभरात उतरतो. म्हणजे एक तंबोरा सांभाळणे हेच नित्याचे काम. दोन घेतले की काम दुप्पट.

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. बैठकींच्या मिळकतीतून शिष्यांचा योगक्षेम चालवावयाचा आणि त्यांच्याकडून कसून मेहनत करून घ्यावयाची, असा तो उद्योग होता. याच सुमारास श्रुतींचा प्रश्न विद्वानांत गाजत होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला खाँसाहेबांच्या गळ्याचे व कानाचे साहाय्य झाले. दरबारी परंपरेतला गवई मोजमापाच्या कामात उत्साहाने उतरतो, हे त्या काळी अपूर्वच होते. म्हैसूरच्या दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. तेथे कर्नाटक संगीताशी त्यांचा परिचय वाढला आणि त्यांच्या सरगमेवर त्याचा ठसा उमटला.

मात्र १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली नावे याच मुलांची. पुण्यातला पसारा आवरला आणि खाँसाहेब मिरजेस राहिले. घर गेले, पण सूर गेला नाही. त्यांच्या झिंझोटी आणि भैरवीच्या ठुमऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकाव्यात. आवाजाचा आणि तंबोऱ्याचा सांधा कोठे आहे, हे कळत नाही.

त्यांच्याच वयाचे दुसरे थोर गवई म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म त्याच १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले, १९०८ मध्ये मुंबईस आणले, कर्ज काढून स्वतःची इमारत उभी केली, आणि पुढे त्या कर्जापायी तिचा लिलाव झाला. १९३१ मध्ये मिरजेसच त्यांचा देह पडला. इमारत गेली, परंतु विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास यांच्या गळ्यांचा लिलाव कोणाला करता आला नाही. दोघांच्याही आयुष्यात पसारा मोडला, आणि दोघांचीही कमाई शिष्यांच्या रूपाने शिल्लक राहिली. सवाई गंधर्वांच्या गळ्यातून ती किराण्याच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत गेली.

खाँसाहेबांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे, तरी तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर बिछाना घातला. तंबोरा लावून घेतला, दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराचे स्मरण केले, आणि २७ ऑक्टोबरला तेथेच त्यांनी प्राण सोडला. मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. एवढ्या मोठ्या आयुष्याच्या अखेरीस त्यांना लागला तो एक तंबोरा. मात्र तो सुरात लागलेला असावा लागला.

या चरित्रातून मला लागलेला अर्थ असा. तंबोरे किती असावेत याचे उत्तर पैशात नाही आणि भिंतीवरच्या खुंट्यांतही नाही. जितके हात ते लावू शकतील, तितके असावेत. विद्यालय चालविणाऱ्याला दहाही थोडे. एकट्याने रियाज करणाऱ्याला एक पुरे. गिटारवाल्या मित्रांनाही मी हेच सांगेन, की पहिलीच्या बारा तारा लावण्यात कंटाळा येतो तोवर दुसरी घेऊ नये.

भिशीचे पैसे यंदा भावाच्या प्रवेशासाठी जातील, असे मी आईला सांगितले आहे. सुट्टीत मिरजेला जाऊन, एखाद्या कारागिराने शिकविले तर, घोडी घासून जवारी कशी लावतात ते शिकण्याचा माझा विचार आहे. शेजारची एक मुलगी रविवारी माझ्याकडे सूर लावायला बसते. तिच्या हाताला तंबोरा नीट लावता येऊ लागला, म्हणजे आमच्या घरी जोडीची वेळ झाली, असे मी समजेन.